रिकामं म्यान

बाहेरून कडी पडली. आवाज एवढासाच, बोटभर लोखंडाचा. पण इतका वेळ गप्प असलेल्या त्या घरात तो थेट तुंगाच्या पोटात जाऊन पडला.

मग तिच्या सासूबाईंची, भागीरथीबाईंची, जोडवी फरशीवर टिकटिकत लांब गेली आणि ऐकू येईनाशी झाली. देवघरात राहिली समई, उदबत्तीचा धूर आणि तुंगा. ती मांडी घालून ताठ बसली होती. मांडीवर आडवं म्यान होतं, लाल मखमलीचं, टोकाला पितळी बोंड बसवलेलं. आत तलवार नव्हती. तलवार या घडीला बन्नीमंटपाच्या वाटेवर होती. तुंगाचा नवरा सयाजीराव स्कूटर चालवत होता, आणि मागे सासरे मानाजीराव डोक्याला फेटा बांधून, जुन्या चादरीत गुंडाळलेली तलवार पोटाशी धरून बसले होते. पोलिसाने अडवलंच तर पडद्याची दांडी आहे म्हणून सांगायचं, हे दरवर्षीचं ठरलेलं.

ही त्या घराची रीत होती. मानाजीरावांचे पूर्वज म्हैसूरच्या महाराजांच्या पागेत सिलेदार. खंडेनवमीला तलवारीची पूजा व्हायची आणि दसऱ्याला ती बन्नीमंटपाला जायची, तिथल्या बन्नीच्या म्हणजे शमीच्या झाडाला टेकवून परत यायची. ती परत येईपर्यंत घरातल्या सगळ्यांत धाकट्या सुनेने रिकामं म्यान मांडीवर घेऊन बसायचं. खाली ठेवायचं नाही, उंबरा ओलांडायचा नाही, तोंडातून शब्द काढायचा नाही. कोणे एके काळी एक सून बाहेर ढोल वाजले म्हणून म्यानासकट अंगणात धावली होती म्हणे, आणि त्या वर्षी तिचा नवरा घोड्यावरून पडला. तेव्हापासून बाहेरून कडी. आता घोडे गेले, पागा गेली. मानाजीराव तर शाळेत ड्रिल मास्तर म्हणून निवृत्त झालेले. जन्मात घोड्यावर बसले नव्हते, आणि स्कूटरवर चढतानासुद्धा गुडघा धरून ‘अय्यप्पा’ म्हणायचे. पण कडी होती.

याआधीचे दसरे तुंगाने हसत काढले होते. लग्नाआधी ती मुलींच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायची. म्यान मांडीवर घेऊन ती मनातल्या मनात एखादा जुना धडा घोकायची आणि तो संपायच्या आत स्कूटर दारात यायची. यंदाचं निराळं होतं. यंदा या बसण्यावर पुट्टी अवलंबून होती.

पुट्टी तिची लेक. कागदोपत्री शकुंतला, पणजीच्या नावावरून. पण कन्नडात एवढ्याशा पोरीला पुट्टी म्हणतात, आणि घरात सगळे तेच म्हणत. श्रावणातल्या एका सकाळी तिला शाळेला सोडायला निघालेली तुंगा सरस्वतीपुरमचा तो रोजचाच रस्ता ओलांडत होती. बस लांब होती. समोरून कुणी येत नव्हतं, मागून कुणी हाक मारली नव्हती. आणि एकदम छातीत कुणीतरी मूठ आवळली. कान बंद झाले, हातापायांना मुंग्या आल्या. आता मी मरते, इथेच, एवढंच एक उरलं. भानावर आली तेव्हा ती पलीकडच्या शहाळेवाल्याच्या हातगाडीला धरून उभी होती, आणि पुट्टी रस्त्याच्या मधोमध, पाठीला दप्तर, आईकडे बघत. एका स्कूटरवाल्याने कचकन ब्रेक दाबला आणि तुंगाला तोंडभर शिव्या घातल्या. तिने त्या ऐकून घेतल्या. त्यांत खोटं काहीच नव्हतं.

शेजारच्या विशालाक्षी बसथांब्यावर उभ्या होत्या. त्यामुळे बातमी तुंगाच्या आधी घरी पोचली.

“हात सुटला म्हणजे काय?” भागीरथीबाई म्हणाल्या. “पोरीचा हात सुटतो का की? पिशवी आहे का ती?”

“मला एकदम भीती वाटली, आत्याबाई.”

“कशाची?”

कशाची, ते तुंगाला स्वतःलाच कुणी सांगितलं असतं तर तिने पाय धरले असते.

डॉक्टरांनी चिठ्ठीवर एक शब्द लिहून दिला. मानाजीरावांनी चष्मा लावून तो मोठ्याने वाचला, “पॅनिक. म्हणजे चेंगराचेंगरी. ही तर एकटीच होती की!” आणि चिठ्ठी परत दिली. सयाजीराव बायकोला आत नेऊन हळूच म्हणाला, “फार बोलू नको ह्यावर. बाबांना वाटेल, डोक्याचं काहीतरी आहे करून.” तो वाईट नव्हता. त्याला फक्त घरात आवाज चढलेला चालत नसे.

सगळे दुपारचे पडले होते तेव्हा तुंगाने कपाटावरचा तिचा जाडजूड इंग्रजी कोश खाली काढला. शब्द रोजचा, पेपरात येणारा. पण तो कुठून आला हे तिने कधी बघितलं नव्हतं. तो एका देवापासून आला होता. ग्रीक लोकांचा एक रानदेव, पॅन. कमरेखाली बोकड, डोक्याला शिंगं. भर दुपारी डोंगरात झोपायचा, आणि कुणी झोपमोड केली की असा ओरडायचा की शेळ्यामेंढ्या कड्यावरून उड्या टाकत. ओरडणारा दिसायचा नाही. पुढे रानात एकट्या पडलेल्या वाटसरूला, मग अख्ख्या फौजेलासुद्धा, समोर काही नसताना भीतीने घेरलं की ते लोक म्हणायचे, पॅन आला होता.

तुंगाला ते वाचून रडूच आलं. मराठीत धडकी भरते, धसका बसतो, कापरं भरतं. कन्नडात गाबरी होते. पण या सगळ्यांच्या मागे ‘कशाने’ म्हणून विचारायला कुणीतरी कमरेवर हात ठेवून उभं असतं. आणि तिकडे कुठेतरी, हजारो वर्षांमागे, कुणी शहाण्याने ते विचारणंच सोडून दिलं होतं. म्हणाला होता, बाई, तुझा दोष नाही, तो देवच तसा आहे.

पण हे भागीरथीबाईंना कुठल्या तोंडाने सांगायचं? सासूचं म्हणणं साधं होतं. पोरीला शाळेत आजोबा सोडतील. आंघोळ मी घालीन. झोपेल माझ्यापाशी. तुंगाच्या वाट्याला पुट्टी उरली ती दुपारी, आजीचा डोळा लागल्यावर मांजरासारखी येऊन पदरात शिरायची तेवढी.

गणपती गेल्यावर एके दिवशी भागीरथीबाई शेंगा सोलता सोलता म्हणाल्या, “दसऱ्याला म्यान घेऊन बसशील न?”

“बसेन की.”

“न उठता, न बोलता बस. बसलीस तर सुट्टीनंतर शाळा उघडल्यावर पोरीला तूच ने. मी हूं की चूं करणार नाही.”

“आणि नाही जमलं तर?”

“तर ती माझ्यापाशी आहेच. मोठी होईपर्यंत.” शेंगांची टरफलं त्यांनी सुपात झटकली. “मी वाईटपणानं बोलत नाही, तुंगा. मला तिचा एक हात धरणारं माणूस पक्कं हवं.”

तेही खरंच होतं, आणि म्हणूनच तुंगाला भांडता आलं नाही.

तर आता ती बसली होती. दुरून बँडचा आवाज येत होता. राजवाड्यातून निघालेली मिरवणूक बन्नीमंटपाकडे सरकत असणार. म्हणजे रस्ते बंद, म्हणजे स्कूटर कुठल्यातरी दोरीपाशी अडलेली. उशीर होणार. हे देवघर मुळात कोठीची खोली होती. पेन्शनच्या पैशांत घर बांधताना खिडकी राहून गेली ती राहूनच गेली. वर हातभर रुंद झरोका, त्यातही कबुतरं येतात म्हणून जाळी. समोर टेबलावर शस्त्रं मांडलेली: दोन भाले, एक गंजकी कट्यार, सयाजीरावाचा पाना-पकडीचा डबा, भागीरथीबाईंची विळी. सगळ्यांना हळदकुंकू. टेबलावरून जुनी इरकली साडी जमिनीपर्यंत सोडलेली.

आधी तळव्यांना घाम आला. तुंगाने म्यान घट्ट धरलं. मग तिच्याकडून दाराकडे बघायची चूक झाली. दार नुसतं लावलेलं होतं, रोजचंच दार, निळ्या रंगाचं. पण आतल्या बाजूने त्याला धरायला काहीच नव्हतं. नजर तिथून सुटेना. धूर जास्त झालाय का? उदबत्ती विझवायची तर उठायला हवं. हवा पुरेल का? पुरेल. पुरेल का? छातीतली मूठ जरा उघडली आणि पुन्हा आवळली. भिंती जागच्या जागी होत्या, ते तिला कळत होतं; आणि त्या जवळ येत होत्या, तेही कळत होतं. कानांत नळ सोडल्यासारखा आवाज. जीभ टाळूला चिकटली. दार ठोकावं, किंचाळावं, म्यान फेकावं. शाळा उघडल्यावर. शाळा उघडल्यावर पुट्टीचा हात. तिने डोळे मिटले तर जास्तच झालं म्हणून उघडले.

टेबलावरच्या साडीची कड हलली.

खालून आधी एक वेणी बाहेर आली, मग तिच्यातला चुरगळलेला मोगरा, मग पुट्टी. नवा परकर धुळीने भरलेला, तोंडावर विजय.

“मी लपले!” ती कुजबुजली. “आजी मला विशालाक्षी अज्जीकडं टीव्हीला नेणार होती. मी पुढं पळाले की नाही, आणि मागच्या दारानं इथं, तू बसायच्या आधीच. तिला कळलंच नाही.” मग तिने आईचा चेहरा पाहिला. “आई? तुझं तोंड असं का झालंय?”

तुंगाने मान हलवली. बोलायचं नव्हतं आणि बोलताही येत नव्हतं. श्वास अर्ध्यावर येऊन परत जात होता, कपाळावरचं कुंकू घामाने नाकावर उतरलं होतं. हेच, नेमकं हेच, तिने पोरीपासून लपवलं होतं. कधी न्हाणीघरात, कधी गच्चीवर, तोंडात पदर कोंबून.

“आई, बोल की.”

तुंगाने तिच्यासाठी हसायचा प्रयत्न केला. तो बहुतेक फारच वाईट झाला, कारण पुट्टीचा खालचा ओठ बाहेर आला, तिने दोन्ही मुठी छातीपाशी घेतल्या आणि तीही भराभर श्वास घ्यायला लागली. आईसारखाच, वरवरचा. एका अंगातली भीती दुसऱ्या अंगात कशी उतरते, ते तुंगाने डोळ्यांदेखत पाहिलं.

“घाबरू नको,” ती म्हणाली.

शब्द खरखरीत निघाला. निघाला, आणि समई तशीच जळत राहिली.

“ये. इथं बस. मांडीवर नाही, म्यान आहे. इथं, कुशीला.” एकेका शब्दाला एकेक श्वास लागत होता. “मला कुणीतरी ओरडून घाबरवलंय. ते जाईल आता.”

“कुणी? मला नाही ऐकू आलं.”

“एक देव आहे. बोकडाचे पाय त्याला.”

“आपला?”

“नाही ग. लांबचा. ग्रीस म्हणून देश आहे, तिथला. पॅन त्याचं नाव.”

“पान खातो?”

“गवत खात असेल.” तुंगाला एक पूर्ण श्वास मिळाला, चोरून आणल्यासारखा. “तो दुपारचा झाडाखाली झोपतो. कुणी उठवलं की मोठ्यानं ओरडतो. मग शेळ्या पळतात, माणसं पळतात. दिसत मात्र कुणी नाही.”

“वाईट आहे?”

“वाईट नाही. झोपमोड झाली म्हणून ओरडतो. आजोबा नाही का ओरडत?”

पुट्टी फिसकन हसली. तिच्या मुठी सुटल्या. “आजोबांचे पण पाय तसेच आहेत. केसाळ.”

“हळू बोल. ऐक, एकदा काय झालं, तिथली एक फौज होती. आपल्या सिलेदार पणजोबांची होती तशी. तंबू ठोकून सगळे निजले, आणि अंधारात एकदम सगळेच घाबरले. शत्रू नाही, वाघ नाही, काही नाही. पण हा ओरडला म्हणून तो ओरडला, आणि सगळे एकमेकांना तुडवत सुटले. इतके मोठे मिशीवाले!”

“मग?”

“मग त्यांच्या सरदारानं दवंडी पिटवली. ऐका हो ऐका, तळात गाढव कुणी सोडलं ते जो सांगेल, त्याला बक्षीस!”

“गाढव होतं?”

“नव्हतंच. पण सगळ्यांना वाटलं, हात्तिच्या, गाढव होतं होय! आणि झोपले.”

पुट्टीने विचार केला. “खोटं बोलला सरदार.”

“बोलला. पण झोपले की नाही?”

मूठ सैल झाली नव्हती, पण तिच्यात आता बोट घालता येत होतं. पुट्टीच्या केसांना धुळीचा आणि मोगऱ्याचा वास येत होता. तुंगाने तो ओढून घेतला, सोडला, पुन्हा घेतला. रीत मोडली होती. पण कुणी ऐकलं नव्हतं. अजून स्कूटर आली नव्हती. पुट्टीला साडीखाली परत घालता आलं असतं, कडी निघताना ती गडबडीत बाहेर निसटली असती. कुणाला काही कळलं नसतं.

तेवढ्यात बाहेर, भिंतीपलीकडून विशालाक्षींची कन्नड हाक आली. “भागीरथम्मा, पुट्टी यल्ली? इल्ली बंदिल्ला!” पुट्टी कुठे आहे, इकडे आलीच नाही.

“तिकडंच आली की! माझ्यापुढं पळाली ती!” भागीरथीबाईंचा आवाज अंगणातून.

“आजी मला शोधते,” पुट्टी आनंदाने म्हणाली. “लपूनच राहू?”

पावलं घरात आली. न्हाणीघराचं दार. कपाटाचं दार. जिन्यावर चढणारी आणि तशीच उतरणारी जोडवी. “पुट्टी! ए पुट्टी! खेळ पुरे आता, बाहेर ये!” मग नुसतं “पुट्टी!” आणि मग ज्यात रागवणं अजिबात उरलं नव्हतं असं एक “पुट्टम्मा...”

एक शब्द बोलला की सगळं गेलं, हे तुंगाला स्वच्छ दिसत होतं. आत्याबाई शोधतील, दमतील, स्कूटर येईल, दार उघडेल, पोरगी आत सापडेल. तोवर गप्प राहिलं तर आपलं बसणं पुरं. हा विचार तिच्या मनात आला. आला नाही असं म्हणता येणार नाही.

मग अंगणात लोखंड दगडावर घासलं. जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीचं झाकण. ते झाकण एकट्या बाईला उचलत नाही, सयाजीरावसुद्धा कुरकुरत उचलतो. आणि भागीरथीबाई ते एकट्या ओढत होत्या, घशातून कसलासा आवाज काढत.

“आत आहे!” तुंगा जिवाच्या आकांताने ओरडली. “आत्याबाई! पुट्टी इथं आहे! माझ्यापाशी आहे!”

झाकण कुठेतरी आदळलं. मग भिंतीला धरून धरून येणारी पावलं, आणि दाराच्या पलीकडे कुणीतरी जमिनीवर बसल्याचा, खरं तर कोसळल्याचा, आवाज.

“आजी, मी लपले होते!” पुट्टीने सांगितलं.

दाराआडून श्वास ऐकू येत होता. वरवरचा, तुटक, अर्ध्यावर येऊन परत जाणारा. तुंगाने तो ओळखला. श्रावणापासून तो तिच्या घरचाच होता.

“आत्याबाई,” ती म्हणाली, “पाठ दाराला टेका. नाकानं सावकाश हवा घ्या. तोंडानं सोडा. घाई नाही.”

“पाण्यात...” भागीरथीबाई म्हणाल्या. “मला वाटलं, पाण्यात...”

“नाही. इथं आहे. हा बघा तिचा हात.” दाराखालच्या फटीतून पुट्टीने बोटं बाहेर काढली. ती कुणीतरी घट्ट धरली, कारण पुट्टी ‘आई ग’ म्हणाली.

“माझे हातपाय गार पडलेत. छातीत असं... तोंडाला कोरड पडली बघ. मरतेय करून वाटलं.”

“मला हेच होतं,” तुंगा म्हणाली. ती दाराशी बोलत होती म्हणून बोलता आलं. समोर तोंड असतं तर आलं नसतं. “रस्त्यात हेच झालं. आत्ता, मघाशी, हेच झालं. तुम्हांला झालं अगदी तसंच. फक्त माझं काही हरवलेलं नसतं.”

“काही हरवलेलं नसताना?”

“हो.”

“ते कसं की?”

“ते मलाही कळत नाही, आत्याबाई.”

भागीरथीबाई म्हणाल्या, “मी बसायचे तिथं, तेव्हा मला कधी काही झालं नाही. खरं सांगते. मला त्या खोलीत झोप यायची. म्हणून मला वाटलं, ही सोंगं करते.” दारावर त्यांची पाठ सरकली. “हे आत्ताचं... हे रोज होतं तुला?”

“रोज नाही.”

“आजी, गाढव कुणी सोडलं सांग!” पुट्टी फटीला तोंड लावून म्हणाली. “बक्षीस आहे!”

“काय बडबडते ही?”

“नंतर सांगते,” तुंगा म्हणाली. आणि मग जे इतक्या दसऱ्यांत कुठल्याच सुनेने म्हटलं नसेल ते म्हणाली, “आत्याबाई, कडी काढा.”

“म्यान हातात आहे?”

“आहे. खाली टेकवलं नाही.”

कडी निघाली. दार उघडलं. बाहेरचा संध्याकाळचा उजेड आत आला आणि उजेडाबरोबर हवा. तुंगाला वाटलं होतं की आपण उठून धावत सुटू. पण पायांना काही घाई नव्हती. भागीरथीबाई उंबऱ्यावरच बसल्या, एक पाय आत, एक बाहेर. अंबाडा सुटलेला, पदर लोखंडाच्या गंजाने माखलेला आणि नखं काळी. “उंबरा ओलांडू नको,” त्या म्हणाल्या. “मी बसलेय मध्ये. मी हलत नाही.” पुट्टीला त्यांनी जवळ ओढली, एक धपाटा घातला, आणि मग तिच्या मानेत तोंड खुपसलं.

त्या तशाच बसल्या होत्या तेव्हा स्कूटर आली. मानाजीराव फेटा सावरत, चादरीतली पडद्याची दांडी उराशी धरून आत आले आणि उंबऱ्यापाशी थबकले.

“कडी कुणी काढली?”

“मी.”

“तलवार यायच्या आधी?”

“आधी.”

“अग, पण रीत...” त्यांनी सुनेकडे पाहिलं. “बोलली का ही?”

“ओरडली,” भागीरथीबाई म्हणाल्या. “ओरडली म्हणून मी टाकीत उतरले नाही. आता ती चादर सोडा आणि तलवार आत घाला, मला उठायचंय. गुडघे तुमचेच दुखतात असं नाही.”

मानाजीरावांनी बायकोच्या नखांकडे बघितलं. ड्रिल मास्तरांनी पुढे पाऊल टाकलं, वाकले, आणि तुंगाच्या मांडीवरच्या म्यानात तलवार सरकवली. ती अर्ध्यावर अडली. चादरीचा एक दोरा मुठीत गुंतला होता. सयाजीरावाने तो दातांनी तोडला. दरवर्षी या क्षणी सगळे ‘जय चामुंडी’ म्हणत. यंदा ते जरा पुढेमागे झालं.

शमीची पानं वाटताना भागीरथीबाईंनी सुनेच्या तळहातावर पानं ठेवली आणि हात सोडला नाही. “शाळा उघडली की तूच ने पोरीला,” त्या म्हणाल्या. “मी मागनं येईन. जवळ नाही, जरा लांबनं.”

“कशाला?” सयाजीरावाने विचारलं. “म्हणजे विश्वास आहे का नाही?”

“तिच्यावर आहे. त्या बोकडावर नाही,” भागीरथीबाई म्हणाल्या. बापलेकांना काही कळलं नाही. पुट्टीने गोष्ट आजीला मधल्या वेळात सांगून टाकली होती, गाढवासकट.

हवं होतं ते पूर्ण मिळालं नव्हतं. रस्त्याने चालताना पाठीवर सासूचे डोळे असणार होते. ते किती दिवस, हे कुणी बोललं नव्हतं. आणि तेही बरोबरच होतं, असं तुंगाला वाटलं, आणि नकोसंही वाटलं.

दिवेलागणीला ती पुट्टीला घेऊन मागच्या पायरीवर बसली. पुट्टी पुरणाची होळिगे खात होती, तूप कोपरापर्यंत आलेलं. बन्नीमंटपाच्या बाजूला आभाळात पहिली शोभेची दारू उडाली, आवाज मागाहून आला.

“आई, तो पॅन आज आलता न आपल्या देवघरात?”

“आलता बहुतेक.”

“रस्त्यावर पण तोच आलता? शाळेला जाताना?”

तुंगाने तिचं कोपर पदराने पुसलं. “तोच.”

पुट्टीने घास गिळला. ती हिशेब लावत होती. कपाळाला आठी पडली होती, वडिलांसारखी.

“रस्त्यावर माझा हात तुझ्या हातात होता. आणि आज तर मी टेबलाखालीच होते, पहिल्यापासून.” तिने आईकडे तोंड वर करून पाहिलं. रागाने नव्हे, नुसतंच. “मी असते की तिथं. मग तरी तुला भीती का वाटते?”